मास्तरांनी सोडलेली जागा

१

सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी मनूला हाक मारायचे आणि गप्प राहायचे. हा आमचा सराव होता. रत्नागिरीला मुलांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, त्यांनी सांगितलेला. हाक मारायची, मग थांबायचं. पोर बोलत नाही म्हणून तिच्या वाटचं आपणच बोलून टाकायचं नाही. तिच्यासाठी जागा सोडायची. "आया जागाच सोडत नाहीत," असं बाई म्हणाल्या तेव्हा त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या, पण ते मलाच होतं.

मनू म्हणजे मनस्वी. चैत्रात चार वर्षांची होणार होती. कान तपासले, चांगले. जीभ, टाळू, सगळं जागच्या जागी. रडायची मोठ्याने, हसायची मोठ्याने, कोंबडीच्या मागे धावताना अशी किंचाळायची की शेजारची माणसं बाहेर यायची. शब्द मात्र नाही. 'आई' नाही, साधी 'ओ' पण नाही. अंगणवाडीत तिच्यापेक्षा लहान पोरं गाणी म्हणायची आणि ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. तिचे पप्पा, संदेश, मुंबईला कुरियरचं काम करतात. त्यांचा फोन आला की आधी तेच, "बोलली काय?" नंतर नंतर त्यांनी विचारणं सोडलं. फोन उचलला की नुसते थोडे थांबायचे. मला कळायचं.

सासूला आम्ही आये म्हणतो. आयेला हा सराव मुळीच आवडत नव्हता. मी "मनूऽ" म्हणून थांबले की मागच्या पडवीतून तिचा आवाज यायचा.

"पोराना पयल्या हाकंला ओ द्याला शिकवू नये गो. पयली हाक कोनाची आसल, काय सांगावा? तिसऱ्या हाकंला द्यावी."

"हिला तीनशे झाल्या, आये," मी म्हणायचे. मग ती गप्प बसायची, आणि मनूसुद्धा.

चहा झाला की मी मास्तरांच्या बंगल्यावर जायचे. बंगला म्हणजे आमच्याच दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या पलीकडे, वरच्या अंगाला बांधलेलं चिऱ्याचं घर. भागोजी मास्तर आमच्याच वाडीतले. भजनात पेटी वाजवता वाजवता मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांना चाली लावू लागले. चालल्या थोड्या, पडून राहिल्या जास्त. म्हातारपणी परत आले, घर बांधलं, तिथेच वारले. मी लग्न होऊन येण्याच्या आधीची ही गोष्ट. मी त्यांना बघितलेलं नाही. त्यांच्या माणसांनी चावी आयेकडे ठेवली होती, तिचे गुडघे गेल्यावर ती माझ्याकडे आली. खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, वटवाघळांची घाण धुवायची, परत कुलूप. रोजचं.

२

पौषात मास्तरांची नात आली, वेदिकाताई. बरोबर अजिंक्य म्हणून एकजण, आवाजाचं काम करणारा. मास्तरांच्या न वापरलेल्या चाली एका नव्या हिंदी सिनेमात घ्यायच्या ठरल्या होत्या. मास्तर पेटीवर चाल बांधायचे आणि मोठ्या रिळांच्या टेपवर ती गाऊन ठेवायचे. ती रिळं त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती. पट्टी इतकी जुनी की मुंबईपर्यंतच्या हिसक्यांनी तुटेल, म्हणून अजिंक्यने टेप इथेच दुरुस्त केला आणि एकेक रीळ लॅपटॉपवर उतरवायला बसला. मला दोघांचं जेवण करायचं काम मिळालं. मनूला मी बरोबर न्यायचे. बंगल्याच्या पडवीत करवंट्या मांडून ती खेळत बसायची.

मास्तरांची खोली लहान. उंचावर एक खिडकी, भिंतीला स्टुलावर पेटी, आणि खिडकीकडे तोंड करून ठेवलेली वेताची हातांची खुर्ची. दारातून आलं की खुर्चीची पाठ दिसते. अजिंक्य जमिनीवर वायरींच्या गुंत्यात बसायचा. खुर्चीत कुणी बसलं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहा घेऊन गेले होते. मास्तर गात होते. चालीला अजून शब्द नव्हते, नुसतं ला ला. आवाज घोगरा, पण मायेचा. मागे कुठेतरी भात झोडत होते, त्याचे धपधप ठोके, मधूनच कोंबडा. ही आमचीच वाडी, माझ्या येण्याच्या कितीतरी आधीची. मला छान वाटलं.

मास्तरांनी एक ओळ म्हटली आणि ते थांबले. चांगले थांबले. मग पुढची ओळ म्हटली. पण ती अशी उचलली, जशी मध्ये दुसऱ्या कुणीतरी एक ओळ म्हटली होती आणि त्यांनी ती ऐकून घेतली होती.

वेदिकाताई हसल्या. म्हणाल्या की याच्यामुळेच या चाली पडून राहिल्या. सिनेमावाले म्हणायचे, मास्तर, चाल अर्धी आहे. आजोबा त्यांच्यावर चिडायचे. "अर्धी नाही, जागा सोडलीय, असं म्हणायचे. कुणासाठी ते कधी सांगितलं नाही." आताच्या संगीतकाराला नेमकी ती जागाच आवडली होती.

जागा सोडलीय. डॉक्टरबाईंचा शब्द मास्तरांच्या नातीच्या तोंडून ऐकून मला गंमत वाटली.

कप ठेवताना परत तेच आलं. ओळ, मग गप्प. या वेळी माझ्या लक्षात आलं की मास्तर थांबले की भात झोडणंही थांबतं. कोंबडा अर्ध्यावर तुटतो. एवढंच नाही, टेपची सारखी चालणारी खरखर असते ना, तीही नाही. काहीच नाही. मग मास्तर गाऊ लागले की ठोका जिथे तुटला तिथून पुढे.

मी म्हटलं, तेवढ्यापुरता टेप बंद केला असेल. अजिंक्य म्हणाला, "बंद केला असता तर खट्‌ वाजलं असतं, वहिनी. आणि पट्टीवर सांधाही नाही." त्याने खांदे उडवले. जुन्या मशिनी अशाच, म्हणाला, आणि उद्यापासून चहात आलं घालाल का, असं विचारलं.

३

दोन-चार दिवस असेच गेले. एकदा मी बंगल्याच्या मागे बांगडे साफ करत होते. आत टेप चालू होता. मास्तरांची ओळ संपली, सगळं गप्प झालं, आणि त्या गप्पपणात कुणीतरी ओ दिली.

म्हणजे बोलून नाही. गाऊन. लांब, हलकी ओ, शेवटाला खाली वाकून मास्तरांच्या पुढच्या ओळीला नेऊन चिकटवलेली. मला वाटलं, या रिळात कुणी मुलगी आहे वाटतं. मी बांगड्याचे कल्ले काढत राहिले.

तेवढ्यात वेदिकाताई धावत आल्या. "स्नेहलताई, या. लवकर या."

मनू खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती. एक पाय आत, एक बाहेर, हातात करवंटी. अजिंक्यने रीळ मागे घेतलं आणि परत लावलं. ओळ आली. ओळ थांबली. मनूने तोंड उघडलं.

"ओऽ"

तिचं रडणं मला ठाऊक आहे, किंचाळणं ठाऊक आहे. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्या पोरीचा बोलण्याचा आवाज असा आहे तर, असं मनात आलं आणि मी माशाच्या हातांनीच तोंड झाकून खाली बसले. वेदिकाताईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. अजिंक्य नुसता "क्या बात है, क्या बात है" करत राहिला.

संदेशना फोन लावला. ते म्हणाले, मला ऐकव. मनूसमोर फोन धरला तर ती फोनकडे बघत बसली. मग मीच अजिंक्यला सांगितलं, लावा हो परत एकदा. ओळ आली, थांबली, मनूने ओ दिली. मग ते म्हणाले, मी गाडीवर आहे, ठेवतो. ते गाडीवर नव्हते. मागे गाड्यांचा आवाज नव्हता.

संध्याकाळी वेदिकाताईंनी विचारलं, गाण्यात मास्तरांच्या त्या जागेत मनूचा आवाज ठेवला तर चालेल का. मुंबईचे संगीतकार ऐकून वेडे झाले होते. मी लगेच हो म्हटलं. विचार करायचा असतो हे सुचलंच नाही.

घरी येऊन आयेला सांगितलं. मला वाटलं ती मनूची दृष्ट काढेल. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबवून तिने विचारलं, "पयल्याच हाकंला दिलान काय ओ?"

"अगो आये, गाणं होतं ते. हाक कसली?"

आयेने सूप उचललं आणि ती परसात निघून गेली.

४

मग मी बंगल्यावर लवकर जाऊ लागले. घरात मनू पूर्वीसारखीच. हाक मारली, थांबले, काही नाही. मी मास्तरांची चाल पाठ करून तिला घरी म्हणून दाखवली, त्यांच्यासारखीच थांबले. ती माझ्याकडे बघून हसली आणि कोंबडीच्या मागे गेली. ओ फक्त तिथे, त्या खोलीत, त्या आवाजाला. तरी मी मनाला म्हटलं, असू दे. आज तिथे देते, उद्या इथे देईल. पोर एका भिंतीला धरून उभं राहिलं तरी आपण म्हणतोच की चालायला लागलं.

काम लांबलं. वेदिकाताई कुरकुर करू लागल्या, पण अजिंक्य काहीतरी परत परत तपासत होता. एका दुपारी मी सोलकढी द्यायला गेले तर त्याने मला लॅपटॉपवर दोन पट्ट्या दाखवल्या. आवाजाचे उंचवटे असतात तशा. दोन्ही एकाच रिळाच्या. एक आल्या आल्या उतरवलेली, दुसरी आदल्या दिवशीची. वरच्या पट्टीत उंचवट्यांच्या मध्ये बारीक मोकळी जागा होती. खालच्या पट्टीत तीच जागा रुंद.

"टेपची पट्टी ताणली जाते, वहिनी. जुनी आहे." मग त्याने खालच्या रुंद जागेवर बोट ठेवलं. "पण ताणली असती तर मास्तरांचा सूरही उतरला असता. गाणं तसंच्या तसं आहे. फक्त थांबणं वाढलंय."

त्याने लॅपटॉप मिटला आणि सोलकढीचा पेला उचलला. प्यायला मात्र नाही.

मी गेले असते परत, पण तेवढ्यात वेदिकाताईंनी टेप लावला आणि पडवीतून मनू आलीच. आता तिला बोलवावं लागत नव्हतं. ओळ झाली. मनूने ओ दिली, लांब, आधीपेक्षा खूप लांब, कारण आता जागा मोठी होती. तिची ओ संपली. आणि पुढची ओळ घ्यायच्या आधी मास्तर म्हणाले, "हं."

हळूच. शिकवणारा माणूस पोराला बरोबर आलं की म्हणतो तसं.

मी वेदिकाताईंकडे बघितलं. त्या डोळे मिटून मान डोलवत होत्या. मी विचारलं, हे हं आधी होतं का हो? त्या म्हणाल्या, असणारच, आजोबांची लकबच होती ती. अजिंक्यने वर बघितलं नाही. वायरी गुंडाळत राहिला, ज्या गुंडाळायच्या नव्हत्या.

मी ती चाल पाठ केली होती. हं नव्हतं.

पण मी सातवी शिकलेली बाई. चार दिवस टेप ऐकून मला काय कळतं? बांगडे करपतील म्हणून मी चुलीकडे गेले.

५

घरापुढच्या खळ्यात मनू धावता धावता चिऱ्यावर पडली. गुडघा फुटला. मी उंबऱ्यातून बघितलं. पोर पडलं की आधी श्वास कोंडतं, तोंड उघडतं आणि मग भोंगा येतो. मध्ये एक क्षण जातो, आईला तो बरोबर माहीत असतो. तो क्षण गेला. मनूचं तोंड उघडं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मान लाल झाली होती, छाती वरखाली होत होती. आवाज नव्हता.

मी तिला उचललं, पाठीवर थापट्या मारल्या, वाटलं श्वास अडकलाय. श्वास चालू होता. ती रडत होती. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, हुंदके देत, पोटभर रडली. मला फक्त तिचे अश्रू लागत होते.

मग आठवू लागलं. काल कोंबडीच्या मागे धावली तेव्हा किंचाळली होती का? परवा आयेने गुदगुल्या केल्या तेव्हा हसली, दात दिसले, पोट हललं. ऐकू आलं होतं का? आये जरा बहिरी आहे. मी कामात असते. एवढ्या गडबडीच्या पोरीचं घर कधीपासून शांत झालं, हे मला सांगता येईना.

देवरूखच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं. घसा स्वच्छ, म्हणाले. हट्ट करत असेल, पोरं करतात. एसटीतून येताना मनू माझ्या मांडीवर होती. मी तिच्या गळ्याला हात लावून बसले होते. मांजराच्या पोटाला हात लावला की आत घरघर लागते, तसं काहीतरी लागेल असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वेदिकाताईंना सांगितलं, आता मनूला आणणार नाही. तिला बरं नाही. त्या चांगल्या बाई आहेत, एका शब्दाने बोलल्या नाहीत. गाण्यापुरता आवाज आधीच मिळाला होता. एकच रीळ राहिलंय, ते उतरवलं की निघूच, म्हणाल्या.

मी मनूला आयेपाशी ठेवून जाऊ लागले. आल्यावर आये सांगायची, पोर खळ्याच्या टोकाला जाऊन बसते. गडग्याला कान लावते. दगडाला काय ऐकते, देव जाणे.

६

त्या दिवशी वीज सकाळीच गेली होती. वेदिकाताई बाजाराला देवरूखला गेल्या. अजिंक्य मोबाइलला रेंज मिळते म्हणून वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर चढला होता. मी जेवणाची भांडी घासायला बंगल्यावर निघाले, तेव्हा आयेने परसातून विचारलं, "मनूला नेलंस काय?"

मी नेलं नव्हतं.

गडग्याला वरच्या बाजूला एक खिंडार आहे, गुरं येतात म्हणून काट्यांनी बुजवलेलं. काट्या बाजूला झाल्या होत्या. मी पळत वर गेले. पडवीपाशी पोचता पोचता मास्तरांची ओळ ऐकू आली. मला धीर आला. म्हटलं, अजिंक्य आलाय, बॅटरीवर लावलंय काहीतरी. पडवीतल्या बाकावर त्याचा लॅपटॉप मिटून ठेवलेला होता. शेजारी टेपची वायर, वेटोळं करून, रबर लावून.

ओळ संपली.

वर सड्यावर वानरं ओरडत होती, ती थांबली. खाली कुणाच्या तरी लाकूड फोडण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी उंबरा ओलांडला. माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, दाराच्या चौकटीला आपटल्या. त्या आपटलेल्या मी बघितल्या. वाजल्या नाहीत. मी "मनू" म्हटलं. ओठ हलले, जीभ टाळूला लागली, माझं मलाच काही ऐकू आलं नाही. पाण्यात बुडी मारल्यावर निदान कानात पाणी तरी गुणगुणतं. तिथे तेही नव्हतं.

टेपवर रीळ नव्हतं. मनू पेटीसमोर, जमिनीवर मांडी घालून बसली होती. शिकायला बसतात तशी, पाठ ताठ. ती माझ्याकडे बघत नव्हती. खुर्चीकडे बघत होती.

खुर्चीची पाठ माझ्याकडे होती. खुर्चीच्या हातावर बोटं होती. तेवढंच दिसत होतं. वेदिकाताईंचा टॉवेल असेल, असं मी आजही म्हणते. त्यांचा एक बिस्किटी रंगाचा टॉवेल होता, त्या कुठेही टाकायच्या. पण टॉवेल ताल धरत नाही. ती बोटं एकामागून एक खाली येत होती, घाई न करता, करंगळीपासून. जागा मोजत होती. मग त्यांतलं एक बोट वर उचललं गेलं आणि मनूकडे वळलं. आता तू.

मनूने श्वास घेतला. तिचा सगळा चेहरा उजळला. असा चेहरा मी हाक मारल्यावर कधी झाला नव्हता.

मी धावले आणि तिच्या तोंडावर हात दाबला. घट्ट. माझ्या तळव्याला तिचे ओठ उघडलेले लागले आणि त्यातून गरम वाफ लागली, पुन्हा पुन्हा, जणू आत काहीतरी धडका मारत होतं. मी तिला तशीच उचलली, खुर्चीकडे न बघता, आणि बाहेर पळाले. खिंडारातून खाली उतरताना काट्यांनी माझी पिंढरी फाडली. तेव्हा कुठे लाकडं फोडल्याचा आवाज परत आला.

मागून "हं" आलं नाही. मी ऐकत होते. आलं नाही.

७

ते दोघे निघून गेले. शेवटचं रीळ अजिंक्यने उतरवलं नाही, पट्टी तुटली असं मुंबईला कळवलं. जाताना त्याने मनूसाठी चॉकलेटचा डबा दिला, पण आमच्या घरात आला नाही. गडग्यापलीकडूनच दिला. मी चावी वेदिकाताईंकडे परत केली. आयेचे गुडघे, माझं घर, काहीतरी कारण सांगितलं.

मनूचा आवाज आला नाही. रडणं नाही, हसणं नाही, खोकलासुद्धा नुसता वारा. रत्नागिरीच्या बाईंनी मुंबईला दाखवा म्हणून सांगितलं. तिथेही दाखवलं. घसा स्वच्छ, आवाजाच्या तारा चांगल्या. सराव चालू ठेवा. मी हो म्हणते.

माझ्या मनात एकच फिरत असतं. त्या खोलीत मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिला ती ओ देऊ दिली असती तर? कदाचित ती शेवटची होती, आणि ती दिल्यावर तो माणूस हं म्हणाला असता, शिकवणी संपली असती आणि पोर आपला आवाज घेऊन घरी आली असती. किंवा तसं झालं नसतं. हे मी कुणाला विचारू? संदेशना अजून सांगितलेलं नाही. आयेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू केलंस ता बरा केलंस," पण माझ्याकडे न बघता.

गणपतीला चाकरमानी आले ते सिनेमाचं गाणं घेऊनच. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच. हिंदी शब्द, मोठी बाई गाते, आणि ती थांबली की माझ्या मनूची ओ. वाडीतली माणसं घरी येऊन मनूचे गाल ओढून गेली. संदेश पडवीत बसून तेवढाच तुकडा परत परत लावायचे. एका हातात फोन, मांडीवर मनू, तोंड मिटून. तो तुकडा आला की मनू फोनकडे बघायची नाही. वर, गडग्याच्या अंगाला बघायची.

संदेश मुंबईला परत गेले. पाऊस उघडला. परवा कडक ऊन पडलं म्हणून मी खळ्यात गोधड्या वाळत घालत होते. आये परसात होती. मी गोधडी झटकली आणि तिचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं म्हणून, काही मनात न आणता, जुन्या सवयीने घराकडे तोंड करून हाक मारली.

"मनूऽ"

"ओऽ"

घरातून. माजघरातून. स्वच्छ, गोड, सुरात. गाण्यातली तीच, पण गाणं नव्हतं. माझ्या हाकेची ओ होती. परसातून आये ओरडली, "बोल्ली गो! पोर बोल्ली!" म्हणजे तिनेही ऐकलं. माझ्या हातून गोधडी सुटली. मी रडत, हसत दाराकडे धावले.

गोधडी खाली पडली तेव्हा तिच्यामागे मनू दिसली. तुळशीच्या कट्ट्यावर बसली होती. मघापासून तिथेच असणार. मांडीत वालाच्या शेंगा होत्या. ओठ मिटलेले होते. ती दाराकडे बघत होती.

मी मध्येच उभी राहिले. अलीकडे मनू, पलीकडे उंबरा. आत आवाज माझ्या पोरीचा होता. चार वर्षं मी ज्याची वाट बघितली, ज्याच्यासाठी जागा सोडत आले, तो. फक्त एकदा आणखी हाक मारली असती तर तो परत आला असता. मी श्वास घेतला.

मनू कट्ट्यावरून उतरून आली आणि माझ्या साडीला धरून वर चढू लागली. मी तिला कडेवर घेतलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट, पाचही बोटं दाबून, त्या खोलीत मी तिच्या तोंडावर दाबला होता तसाच.

आतून परत आली. "ओऽ". या वेळी मी हाक मारलेली नव्हती.

मग कोंबड्या थांबल्या. परसात आयेचा आवाज थांबला, हसता हसता, अर्ध्यावर. दोरीवरच्या गोधड्या वाऱ्याने हलत होत्या आणि त्यांचा फडफडाट येत नव्हता. माजघराच्या अंधारात कुणीतरी थांबलं होतं, घाई न करता.

आता जागा माझ्यासाठी सोडलेली होती. मनूने हात काढला नाही.